लांब भिंग आणि वहिनीचं हसू

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी कॅमेरा घेतला, तेव्हा अहमदपुरातल्या आमच्या गल्लीत जो तो एकच विचारायचा, किती मेगापिक्सलचा. शेजारीण म्हणाली, तिच्या भाच्याच्या मोबाइलमध्ये याच्यापेक्षा जास्त आहेत, मग हा धोंडा कशाला आणला. मला तरी कुठं काय कळत होतं. मेगापिक्सल म्हणजे दुधातल्या फॅटसारखं काहीतरी असावं, जितकं जास्त तितकं बरं, एवढीच माझी समज. शाळा माझी सातवीपर्यंत. पण अंगणवाडीत तीस वर्षं काढली, त्यामुळं विचारायची लाज कधीच गेली होती. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, वहीत उतरवून घ्यायचे आणि अंगणातल्या चिमण्यांवर हात बसवायचा, असं सुरू झालं.

कॅमेरा नांदेडहून आणला होता, एका स्टुडिओवाल्यानं वापरलेला. त्याच्यासोबत दोन लेन्सा आल्या. एक लांबलचक, कोपरापासून मनगटापर्यंत भरेल अशी, आणि कडं फिरवलं की पुढं सरकून आणखी लांब होणारी. ती लावून मी ओट्यावर उभी राहिले की रस्त्यानं जाणारी माणसं आपोआप सदऱ्याच्या गुंड्या लावायची. दुसरी बुटकी, चहाच्या कपाहूनही लहान. तिला झूम नाही. लांबचं जवळ आणायचं तर आपल्याच पायांनी चालत जायचं. भाजीवाली वरून कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकते ना, तशी ही दुकानदारानं वर टाकली असं मी धरून चालले आणि तिला देवळीत ठेवून दिलं.

निघताना दुकानदारानं बजावलं होतं, पावसाळ्यात लेन्सला ओल लागू देऊ नका, काचेवर बुरशी चढते. आता ओल आणि बुरशी कशी टाळायची हे मला कोणी सांगावं? चाळीस वर्षं ज्वारी सांभाळतेय मी. मिरग लागायच्या आधी लांब लेन्स खणाच्या कापडात गुंडाळली, भोवती कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला आणि ज्वारीच्या कोठीत मधोमध पुरून झाकण घट्ट लावलं. मनात म्हटलं, त्या नांदेडवाल्याला ही युक्ती सांगायला पाहिजे.

दिवाळीला भाऊबीजेसाठी माहेरी गेले, मुखेडपासून पुढं आमचं गाव. भावाच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं होतं, नायगावचं स्थळ. पोरगी मला बाजूला घेऊन बसली. म्हणाली, फोटोवाला सांगितलाय, तो नवरा-नवरी आणि स्टेज सगळं काढील, पण मला एक फोटो तुझ्याकडून पाहिजे.

"आत्या, आईचा हसतानाचा फोटो. तोंडावर हात नसलेला. घरात एक सुदिक न्हाई तसला."

ते खरं होतं. माझी वहिनी हसली की तिचा हात आपोआप तोंडावर जातो, हात रिकामा नसला तर पदर जातो. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत. थोरल्या लेकरांच्या लग्नात, जावळात, सत्यनारायणाला, जिथं जिथं ती हसली तिथं फोटोत नुसता हातच आहे. आणि माझ्या पोटात एक जुना काटा होता. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची, जिभेला हाड नसलेली. भर मांडवात मैत्रिणींना म्हटलं होतं, वहिनीचे दात सुदिक नणंदा-भावजयांसारखे एकमेकींच्या डोक्यावर बसायलेत. तिनं ऐकलं होतं. म्हणजे हा हात माझ्यामुळंच वर जातो, असं मी इतकी वर्षं मनात धरून होते.

तर मी पोरीला शब्द दिला. मनसुबा सोपा होता. लांब भिंग असताना अडचण कसली? दूर कुठंतरी उभं राहायचं, वहिनीला पत्ता लागू द्यायचा नाही, आणि ती बेसावध हसली की टिपायचं. लांब भिंग त्याचसाठी असतं, अशी माझी पक्की खात्री होती.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा कोठी उघडली. लेन्स बाहेर काढली आणि झटकायच्या आधीच हौसेनं कडं दोन-चारदा फिरवलं. किर्र किर्र करत ते मध्येच अडकलं. पुढंही जाईना, मागंही येईना. उजेडात काच धरून बघते तर आत, काचेच्या पलीकडं, ज्वारीतला सोंडेकिडा निवांत फिरायला निघाल्यासारखा चाललेला. मागचं झाकण मी आधीच कुठंतरी हरवलं होतं, तो तिथूनच शिरला असणार.

आमचे हे पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "आता असं कर, पेरूनच टाक. कणसाला लेन्सा लागतील."

दुसऱ्या दिवशी एसटी धरून लातूर गाठलं. तिथं एक लेन्स उघडून साफ करणारे आहेत, पिकलेल्या मिशांचे, शांत गृहस्थ. त्यांनी लेन्स दिव्यासमोर धरली आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून तो किडा दाखवला. मी म्हटलं, दादा, हसा हवं तितकं, पण आधी तो काढा, लग्नाच्या सगळ्या फोटोंत किडा येईल माझ्या.

"मावशी, त्यो फोटोत येतच न्हाई," ते म्हणाले.

माझा विश्वास बसेना. मग त्यांनी दुसरी लांब लेन्स घेतली, समोरच्या काचेवर कागदाचा बारका कपटा चिकटवला आणि माझाच फोटो काढून दाखवला. कपट्याचा मागमूस नाही. त्यांनी सांगितलं, काचेवरच्या एका कणासाठी माणसं रडत येतात, कोणी लेन्स तांदळात पुरतं, कोणी मिठात, पण ज्वारीवाल्या तुम्हीच पहिल्या. किड्याचं भ्या नव्हतं, अडलं होतं ते भुशावर. कडं फिरवलं की झूम लेन्स हवा ओढते आणि हवेबरोबर माझ्या ज्वारीचा भुसा आत जाऊन बसला होता. सगळं उघडावं लागणार होतं. पंधरा दिवस तरी.

लग्न सात दिवसांवर.

परतीच्या एसटीत मला लई वाईट वाटलं. शब्द दिलाय, आणि हातात उरली ती वर टाकलेली बुटकी. तिनं फोटो काढायचा तर वहिनीच्या पुढ्यात जाऊन बसावं लागणार, आणि पुढ्यात कॅमेरा दिसला की हात वर. पण घरी बसून तरी काय करणार? कॅमेरा पिशवीत घातला आणि चार दिवस आधीच माहेरी गेले.

पहिले दोन दिवस मी हरले. वहिनी पापडाचे डबे भरताना हसली, हात. विहिणीच्या साड्या निवडताना कोणीतरी टोमणा मारला, ती हसली, पदर. एकदा तर तिनं हसायच्या आधीच हात वर केला आणि हसायचं राहूनच गेलं. मला म्हणाली, "वन्सं, माझ्या मागं काय लागलाव? नवरीचे काढा की." बायकाही माझ्या बुटक्या लेन्सकडं बघून हळहळायच्या. एक चुलती म्हणाली, एवढंसंच आलंय का गं, बाकीचं कवा येणार?

लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायला कासारीण आली. आमच्याकडं नवरीच्या आधी घरातल्या सगळ्या सवाष्णींना हिरव्या बांगड्या भरायची रीत आहे. आतल्या खोलीत, एका खिडकीच्या उजेडात, पंधरा-सोळा बायका गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. सांगितलेला फोटोवालाही तोवर आला होता. गडी भला, कामाचा, गळ्यात माझ्याहून लांब भिंग. त्यानं ते कासारिणीच्या हातावर रोखलं आणि मागं सरकायला लागला. मग आणखी मागं. मी विचारलं, दादा, कुठं निघालाव? तो म्हणाला, एवढ्या जवळचं याला दिसतच नाही मावशी, चार-पाच फूट तरी लागतात, आणि जवळची लेन्स जोडीदाराकडं गेलीय नवरदेवाच्या गावी. सरकत सरकत तो उंबऱ्याबाहेर गेला, आणि मग त्याच्या आणि बांगड्यांच्या मधे पंधरा अंबाडे आले. त्यानं हात टेकले आणि चहा प्यायला गेला.

मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. मोठं भिंग सगळंच बघतं, अशी माझी समजूत होती. ते पार शेताच्या बांधावरचं बघत असेल, पण मांडीला मांडी लावून बसलेलं माणूस त्याला दिसत नाही.

मी कॅमेरा घेऊन वहिनीच्या समोर फतकल मारली. खोलीत अंधारच होता म्हणायचा, फ्लॅश लावावा का असं मनात आलं, पण तो चमकला की ती सावध होणार. बिनफ्लॅशचं बघितलं, तर त्या बुटकीला खोलीतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. माझ्या लांबडीनं एवढ्या उजेडात नुसतं काळं दाखवलं असतं. वहीत मी लिहून ठेवलं होतं की भिंगाच्या लांबीचा उजेडाशी संबंध नसतो, आत डोळा किती उघडतो ते महत्त्वाचं. लिहिलं होतं, पटलं त्या दिवशी.

वहिनीची पाळी आली. जन्मभर खुरपं धरलेले हात, बोटांची पेरं जाड झालेली. बांगडी काही चढेना. आणि ऐन लग्नात बांगडी वाढली तर बरं नसतं, म्हणून हात ओढायचीही सोय नाही. कासारिणीनं साबण मागवला आणि वहिनीचे दोन्ही हात मनगटापर्यंत फेसानं माखले. एक हात स्वतःच्या मांडीवर आवळून धरला आणि दाबत दाबत बोलायला लागली, तिची सवयच ती.

"वयनीबाई, व्याह्याम्होरं हे हात झाकून ठेवा बरं. बघितले तर म्हणंल, सून र्‍हाऊ द्या घरी, हिलाच धाडा आमच्या शेतावर."

खोली फुटली हसण्यानं. वहिनी हसली. तिचा मोकळा हात सवयीनं वर गेला, नाकापर्यंत पोचला, शेंड्याला फेस लागला आणि तिच्या ध्यानात आलं की तोंडावर ठेवला तर साबण तोंडात जाईल, पदर धरला तर नव्या साडीला लागेल. हात तसाच हवेत राहिला. आणि मग तिला त्याचंच हसू आलं, आधीपेक्षा मोठं, मान मागं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तीन वेळा बटण दाबलं.

जेवणं झाल्यावर तिला मागच्या अंगणात गाठलं आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरचा फोटो दाखवला. एक डोळा स्पष्ट, दुसरा जरासा पुसट, बांगड्या तर हिरवा धूर झालेल्या. नाकावर फेस. आणि दोन्ही दात, एकावर एक, जसे आहेत तसे. ती फोटो डोळ्यांजवळ धरून निरखत राहिली. मग मीच बोलून टाकलं, मांडवातलं, ते नणंदा-भावजयांचं. म्हटलं, वहिनी, मी तेव्हा बोलले नसते तर तुम्ही अशाच हसला असता जन्मभर.

ती माझ्याकडं बघायला लागली.

"ते ध्यानात हाय मला. पर त्येच्यानं न्हाई वन्सं. माझी माय तसाच हात धरून हसायची. मला वाटायचं, बायांनी हसायची रीतच ती."

एवढं बोलून ती पुन्हा फोटोत शिरली. मी मात्र तिथल्या उलट्या घातलेल्या घमेल्यावर बसून घेतलं. पंचेचाळीस वर्षं एक दोष सांभाळला होता मी, जपून, आणि तो माझा नव्हताच.

पोरीनं फोटो बघितला आणि आईच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या, मग नाकावरच्या फेसावरून दोघी हसल्या. नायगावला जाताना तिच्या बॅगेत तो फोटो आधी गेला, शालू नंतर.

पण खरी मौज पुढंच झाली. वहिनीनं तो फोटो मोबाइलवर घेतला आणि पाहुण्यांत दाखवत फिरली. मी जवळच होते, म्हणून ऐकू आलं. ती सांगत होती, दात माझे काही इतके वाईट न्हाईत दिसत, ते वन्संचं बारकं भिंग हाय ना, त्यात दात सरळ येतात. मी पुढं होऊन सांगणार होते, की वहिनी, भिंग काही सरळ करत नाही, आहे तेच दाखवतं, तुम्ही पहिल्यांदा नीट बघितलं एवढंच. तोंड उघडलंही होतं. पण तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. ती बोलता बोलता हसत होती आणि दोन्ही हात कमरेवर होते.

मी तोंड मिटलं.

मांडव उतरवायच्या दिवशी भावाच्या अंगणात बायकांची रांग लागली. कोणाचे दात पुढं, कोणाचा एकच पिवळा, एकीला ओठावरच्या डागाचं बघायचं होतं. सगळ्यांत शेवटी गल्लीतली सत्तरीची म्हातारी काठी टेकत आली आणि नवं लुगडं सारखं करून माझ्यापुढं बसली.

"मला तर दातच न्हाईत, माय," ती म्हणाली, "बसू का तरीबी?"

मी म्हटलं, बसा की, आणि दोन पावलं आणखी जवळ गेले.