जावयाच्या मानाची खोली

पवनीकडच्या माझ्या सासरवाडीत जावयाचा सर्वात मोठा मान म्हणजे दुपारची झोप. ती काढायची धानाच्या खोलीत, कारण घरात तीच थंड. दाराला बाहेरून कडी घालतात, म्हणजे पोरंटोरं आत घुसत नाहीत. मान आणि कैद यांत तिथे फारसा फरक नाही.

मंडईचा दिवस होता. दिवाळीनंतरच्या या जत्रेला घर पाहुण्यांनी भरतं. जेवणानंतर सासरे मला आत घेऊन गेले आणि स्वतःही शेजारी आडवे झाले.

"निजा जी जावईबापू, कोनी तरास नाही देनार."

त्यांच्या सुनेनं बाहेरून कडी घातली. माझा मोबाइल ओसरीत चार्जिंगला होता.

जाग आली ती डोकेदुखीनं. खोलीत सडक्या मासळीसारखा वास होता. सासरे छाती धरून बसले होते.

"मामाजी, काय झालं?"

"मळमळ होऊन राहिली. बुढीनं ढोलीत गोळ्या टाकल्या वाटते."

ढोली म्हणजे धानाची बांबूची कोठी. धानाला कीड लागू नये म्हणून त्यात गोळ्या टाकतात. त्यांच्या वायूला किडा आणि माणूस यांतला भेद कळत नाही. गोळ्यांचा जोर टिकावा म्हणून झरोक्यात बारदाना कोंबला होता, वरून शेणमातीनं लिंपलं होतं. सासूबाईंचं काम चोख. सुनेला तेवढं सांगायचं राहिलं होतं. झरोका माझ्या हाताच्या बराच वर होता.

मी दारावर धक्के दिले. दार सागवानी. चौकात लाऊडस्पीकरवर प्रमुख पाहुण्यांचा सत्कार सुरू होता: आदरणीय, सन्माननीय, गावाचे भूषण. निवेदकाला श्वास घ्यायची गरज भासत नव्हती. आम्हाला होती. मी ओरडलो की त्याचं आणखी एक विशेषण येई.

सासरे दाराखालच्या फटीला नाक लावून पालथे पडले.

"कोनापर्यंत आले जी?"

"उपसरपंचांचा हार चाललाय."

"म्हंजे अजून लय आहेत."

मग त्यांना उलटी झाली, आणि ते बोलायचे थांबले. मी धान मोजायची लोखंडी पायली उचलून दारावर आपटत राहिलो.

दार उघडलं ते तांदळासाठी; त्याचं पोतंही याच खोलीत असे. पाहुणेमंडळी जेवायला थांबणार होती, भात कमी पडत होता. सासूबाई टोपली घेऊन उभ्या.

"हाय माय! तुमी अंदर?"

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, या विषावर उतारा नाही. ऑक्सिजन लावायचा आणि वाट पाहायची. मला तपासून सोडलं, सासऱ्यांना आत ठेवलं; मी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये बसून राहिलो. तिथल्या दाराला कडी नव्हती, तरी उठून कुठे जाता येत नव्हतं.

सासरे वाचले. घरी आल्यावर त्यांनी पहार घेतली आणि त्या दाराची कडी उपटून काढली. गोळ्याही बंद झाल्या. आता शेळ्या खुशाल आत शिरून धान खातात आणि सासूबाई त्यावरून बोलत राहतात.

"खाऊ दे," सासरे म्हणतात. "बाहेर निंगता तं येते त्याईले."