माळ्यावरचा गहू

मिलुतिनला कोणी लबाड म्हणत नसे, हटवादी मात्र सगळं गाव म्हणायचं. सुगीत गव्हाला भाव नसतो आणि वसंतात तो चढतो, हे आमच्या बानात प्रांताच्या सपाट मुलखात पोरंसुद्धा जाणतात. म्हणून तर घरांचे माळे धान्यासाठीच बांधलेले. खाली माणसं, वर गहू. सायलोवाले, म्हणजे मोठ्या धान्यकोठ्यांचे व्यापारी, सुगीत पडेल भावाने माल उचलतात. ज्याचा माळा मोठा, तो थांबतो.

त्या वर्षी सगळेच थांबले. वसंतात सगळ्यांनी एकदम माळे उघडले आणि भाव कोसळला. गावाने मुकाट्याने विकला. मिलुतिन अडून बसला.

"आणि नवा गहू कुठे ठेवशील? टोपीत?" शेजारच्या योत्साने विचारलं.

नवा गहू त्याने जुन्याच्याच वर ओतला. दुधाने तोंड पोळलेल्या बाकी गावाने मात्र आपला गहू शेतातूनच थेट सायलोला घातला.

घराच्या भिंती मातीच्या, तुळया आजोबांच्या वेळच्या. पुढच्या खोलीच्या छताला पोट सुटलं. बायको पेरसिदा रोज सकाळी अंथरुणावरची माती झटकायची.

"तुळई करकरते रे."

"करकरू दे. तुझ्यापेक्षा कमीच बोलते."

"अर्धा तरी विक. मला भीती वाटते."

"वसंतापर्यंत कळ काढ. या खेपेला गावात कुणाकडे दाणा नाही. मी सांगेन तो भाव."

हिशोब बरोबर होता, तेच वाईट झालं. त्याने छताला बाभळीचा टेकू दिला आणि तिचा पलंग भिंतीकडे सरकवला.

"माणूस हलवतोस, गहू नाही हलवत," ती म्हणाली. त्यावर तो हसला होता.

नोव्हेंबरात झड लागली. कौलांतून पाणी झिरपलं, गहू फुगला, जड झाला. पाठ धरली म्हणून पेरसिदा जेवणानंतर आडवी झाली होती आणि मिलुतिन अंगणात डुकरांना खायला घालत होता, तेव्हा छत बसलं. तो आणि योत्सा फावडी घेऊन धावले. पण गहू तो गहूच. उपसावा तितका वरून ओघळायचा. शेवटी मिलुतिन हातांनीच उकरत सुटला. ती सापडली तेव्हा अंग गार पडलं होतं. भावासाठी बायको घालवली, असं गाव म्हणालं, आणि खोटं म्हणालं नाही.

मयताच्या दिवशी उकडलेला गोड गहू लागतो. येणारा प्रत्येक जण गेलेल्याच्या नावाने चमचाभर खातो. बायका वाडगा घेऊन पुढच्या खोलीकडे निघाल्या. मिलुतिन दार अडवून उभा राहिला.

"यातला नाही."

वाडगा घेऊन तो स्वतः योत्साच्या दारी गेला. "वहिनी, एवढा गहू दे. म्हणशील तो भाव देतो."

योत्साची बायको रुमालाने डोळे पुसत म्हणाली, "कुठून देऊ, भावोजी? आम्ही सगळा विकला. गावात कुणाकडेच नाही. तुमच्याकडेच आहे."

मिलुतिन घरी परतला. पुढच्या खोलीत गुडघ्यांवर बसला आणि मातीचे खडे वेचून टाकत ढिगातला गहू वाडग्यात भरू लागला.