पान उलटायचा खोकला

पहिलीच्या मुलांसाठी मी एक गोष्ट वाचून रेकॉर्ड केली, तीही नटाच्या ऐटीत. मग कौतुक ऐकायला येरवड्याला त्यांच्या शाळेत गेलो. स्पीकरवर माझा आवाज सुरू होता आणि मुलं पुस्तकातल्या ओळींवर बोट फिरवत होती. बाई मात्र सतरंजीवर बसून एकाच मुलीचं बोट बघत होत्या. ते सारखं मागे पडत होतं.

पान उलटताना खोकायची मला सवय आहे. रेकॉर्डिंगमधला मी खोकलो आणि सगळ्या वर्गानं पान उलटलं. त्या मुलीनंही.

"बाई, खोकला काढून देतो," मी ओशाळून म्हणालो.

बाईंनी मानही वर केली नाही. "खोकला राहू द्या. अभिनय काढा. त्यात हिची ओळ हरवते."

घरी येऊन पुन्हा सावकाश वाचून रेकॉर्ड केलं. दर पानाला मात्र प्रामाणिकपणे खोकलो.