बनातल्या पळसांची मापं

भार्गवी मॅडम आज साताऱ्याहून येणार, म्हणून हरणाबाईनं सकाळपासून मापांची वही तीनदा उघडून मिटली होती.

कवठे महांकाळच्या पलीकडं माळावर तिची वस्ती. शाळा सातवीपर्यंत, पुढं वीस वर्षं मेंढरांमागं. दोन सालांमागं मॅडमच्या कॉलेजानं इथल्या दहा पळसांना नंबराचे बिल्ले बांधले आणि मोजायचं काम हिच्यावर सोपवलं. खाली कर्नाटकापासून वर पार मध्यप्रदेशापर्यंत असेच पळस निवडले होते. उत्तरेला जावं तसा फुलायचा काळ, फुलाची लांबी, शेंगेतल्या बीचं वजन बदलतं का, ते बघायचं होतं. हंगामात दर शनिवारी प्रत्येक झाडाची दहा ताजी फुलं तोडायची, पट्टी लावायची, वहीत मांडायची.

"उद्या मेंढरांचे केस मोजत बसशील," नवरा, धुळा, चेष्टा करायचा.

"आधी तुमच्या डोक्यावरचं मोजते. लवकर उरकंल."

सात झाडं माळावर होती, तीन बिरोबाच्या बनात. बनातलं वाळलं लाकूडसुद्धा कुणी चुलीला आणत नाही, मग फूल तोडायचं कसं? बिल्ले बांधले तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मॅडमपुढं जीभ उचलली नव्हती. मग ती हात जोडायची आणि त्या तिघांखाली पडलेली फुलं उचलायची. देवानं आपणहून दिलेली, त्यात पाप नव्हतं. वहीत मात्र 'तोडलेली' ह्या रकान्यात खूण करायची.

मॅडम आल्या त्या हसतच. त्यांनी ओट्यावर लॅपटॉप उघडला.

"हरणाबाई, बनातल्या तीन झाडांची फुलं कर्नाटकापेक्षा बारीक आणि उत्तरेपेक्षाही बारीक! असं कुठंच आढळलं नाही. आम्ही ह्यावर लिहितोय. तुमचं नाव छापून येणार."

हरणाबाईनं वही पदराखाली ओढली. आपलं खोटं छापून येणार, शिकलेली माणसं ते खरं मानणार. आणि सांगावं तर उद्या दुसरं कुणी येऊन देवाची फुलं ओरबाडणार. तिनं मनातल्या मनात बिरोबाचं नाव घेतलं.

"आवं मॅडम, ती पडलेली हायती. उनानं आकसलेली."

"म्हणजे?"

"बनातलं तोडत न्हाईत आमच्यात."

"दोन्ही वर्षं?"

"व्हय."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. "मी कॉलेजातल्या आमच्या मोठ्या सरांना हे पाठवूनसुद्धा दिलंय. आता माळावरच्या सातांवर तरी कोण विश्वास ठेवील?"

"त्या सातांची तोडलेलीच हायती. बिरोबाची आन."

"फुलाला झाडावरच हात लावलेला चालतो का देवाला?"

"चालतो. तोडायचं तेवढं न्हाई."

दोघी बनात गेल्या. हंगाम सरत आला होता, खालच्या फांद्यांवर थोडीच फुलं उरली होती. मॅडमनी एक फांदी हलक्या हातानं वाकवून धरली. हरणाबाईनं नमस्कार केला आणि जागेवरच फुलाला पट्टी लावली.

"पाच सेंटीमीटर, वर सहा रेघा."

खालून उचललेलं फूल कधी चारच्या वर गेलं नव्हतं. मॅडमनी सुस्कारा सोडला. "बनातली जुनी मापं काढून टाकते. कुठलं झाड कधी फुललं त्या तारखा राहतील. सातांची ठेवायची का, ते मात्र सर ठरवतील."

"कवा कळंल?"

"सोमवारी फोन करते."

सोमवार चार दिवसांवर होता. हरणाबाईनं पुढच्या फुलाला पट्टी लावली.