दोन बुधी आणि दाजींचं कळवणं

स्वतःची चूक सरकारला कळवताना ज्याला सणासुदीचा आनंद होतो, असा माणूस भूतलावर एकच जन्मला आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या, आक्काच्या, वाट्याला आला. आमचे दाजी नंदुरबारकडच्या एका लहानशा दवाखान्यात रक्त तपासायचे. मीही तिथेच, दाराशी केसपेपर लिहायला. म्हणजे घरी काय नि कामावर काय, मला त्यांच्यापासून सुटका नव्हती. लग्न ठरताना सगळे मुलाचे गुण सांगतात. दाजींनी आमच्या वडिलांना आपल्या दोषांची यादी रजिस्टर पोस्टाने पाठवली. 'घोरतो. डाव्या कानाने कमी ऐकतो. मला पोहता येतं असं मध्यस्थाने सांगितलं आहे, ते खोटं आहे.' वडील खाटेवर गडाबडा लोळून हसले आणि म्हणाले, "हाऊ मानूस खोटं बोलाव नही. पोर दी टाका." एकदा अक्कलकुव्याच्या बसमध्ये डुलकी लागून दाजी एक गाव पुढे गेले. उतरताना कंडक्टरसमोर ताठ उभे राहिले. "मी एक गाव पुढे ई गऊ, लिखी ल्या." हा साध्या वेषातला तपासनीसच असणार असं वाटून कंडक्टर बिचारा घामाघूम झाला.

दवाखान्यात तर विचारूच नका. काचेच्या पट्टीवर रक्ताचे दोन थेंब एकत्र करून त्यांच्या गुठळ्या होतात का हे बघताना दाजी श्वास घेत नसत, आणि आसपासच्यांनी घेतलेलाही त्यांना खपत नसे. काचेची नळी फुटली, धुळ्याच्या बड्या साहेबांना पत्र. पट्टी एकदाच धुतली, पत्र. पोस्टमनने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "याहनं साहेबसंगे काही नातं शे का?" दुसऱ्याच्या चुकीबद्दल मात्र चकार शब्द नाही. "ज्यानी चूक, त्यानी कळावानी," हा त्यांचा कायदा.

आमच्याकडे डोंगरात मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव बरेचदा ठेवतात. बुधवारची मुलगी ती बुधी. एका बाजाराच्या दिवशी बायकांच्या खोलीत दोन बुधी दाखल झाल्या. एक तोरणमाळची, बाळंतपणात फार रक्त गेलेली. दुसरी अक्कलकुव्याकडची, पायाला कुऱ्हाड लागलेली. पहिलीच्या भावाने रक्त दिलं, दाजींनी ते जुळवून पाहिलं आणि बाटलीवर चिठ्ठी डकवली, 'बुधी'. केसपेपरवरही नुसतं 'बुधी'च होतं. सिस्टरने आत जाऊन विचारलं, "बुधी कोण?" पायवालीने झटकन हात वर केला आणि बाटली तिला लागली.

थोड्याच वेळात ती थडथड कापायला लागली. बाटली कशी चालली आहे ते बघायला आलेल्या दाजींनी भलतीच बुधी पाहिली, ओरडून डॉक्टरांना हाक मारली आणि स्वतःच नळी बंद केली. तीन दिवस ते तिच्या खाटेपाशी बसून होते. लघवी काळपट आली की यांचा चेहरा काळवंडायचा. चौथ्या दिवशी ती उठून बसली, भाकरी मागितली, आणि दाजी खोलीच्या मधोमध चक्क नाचले. पहिलीला तिच्या मामाने रक्त दिलं होतं, तीही सावरली.

डॉक्टर म्हणाले, "दोघी वाचल्या, विषय संपला. कळवलंत तर नोकरी जाईल." आक्काला तेव्हा सहावा महिना होता. ती रात्रभर रडली. दाजींनी तिचे डोळे पुसले आणि म्हणाले, "दुसरा दवाखानामा बी बुधी शेतस ना व." सकाळी पत्र गेलं.

साहेब स्वतः आले. दाजी अंगावर धुतलेला सदरा आणि पायाशी भरलेली ट्रंक घेऊन उभे. साहेबांनी विचारलं, "कळवायला कोणी सांगितलं?"

"कोनी नही, साहेब. चूक मन्ही शे."

नोकरी राहिली, बढती गेली, लेखी ठपका मिळाला. महिन्याभराने सगळ्या दवाखान्यांना हुकूम निघाला की बाटलीवर नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गाव लिहावं, आणि सुई टोचण्याआधी ते रोग्याच्या तोंडून वदवून घ्यावं. त्यात दाजींचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी तो ठपका काचेत मढवून भिंतीवर लावला आणि गल्लीभर गूळ-शेंगदाणे वाटले.

पुढे काही वर्षांनी दाजींनाच रक्त चढवायची वेळ आली. सिस्टर तीच. ती डोळे पुसत बाटली अडकवू लागली, तसा दाजींनी क्षीण हात आडवा धरला. "इचार." तिने नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं. दाजींनी शाळेतल्या पोरासारखी खणखणीत उत्तरं दिली. मग माझ्याकडे बघून हळूच हसले. "भाऊ, तुन्हं पत्र अजून ऱ्हायनं शे."

मी हसण्यावारी नेलं. ते आठवड्यातच गेले. त्यांना सगळं माहीत होतं आणि इतकी वर्षं ते नुसते वाट पाहत होते. धुळ्याचे ते साहेबही आता नाहीत, म्हणून इथेच कळवतो. त्या दिवशी दाराशी गर्दी होती, मला जेवायला जायची घाई होती. दोन्ही केसपेपरांवर नुसतं 'बुधी' मी लिहिलं होतं.