बटाट्याचा आवाज

पाहुणे यायच्या तासभर आधीच मी फ्राईजवर चीज सॉस ओतून ठेवला. ऑफिसात आठवडाभर या फ्राईजची फुशारकी मारली होती. आता मंडळी गच्चीवर जमली आणि परातीत लगदा.

शेजारचा गाडी-मेकॅनिक एका जागी कधी बसत नाही. बोटात किल्ली गरगरत असते, आणि बिघाड तो कानाने ओळखतो. त्याने एक फ्राय कानाशी नेऊन मोडला.

"आवाज न्हाई, सर."

तो परात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात शिरला. सॉस निपटून वाटीत काढला, फ्राईज तापल्या तव्यावर पसरले आणि मिनिटामिनिटाला कान लावत येरझाऱ्या घालू लागला. अखेर कुरकुर आली. मी आनंदाने पुन्हा ओतायला सॉसची वाटी उचलली.

"ठेवा ती खाली! दुरुस्त केलेली गाडीबी तुमी अशीच बिघडवून आनता."