उटी

बुद्धभूषणच्या टेम्पोला हँडब्रेक नावालाच होता. चढावर टेम्पो थांबला की शेजारी बसलेली त्याची बायको माधुरी पायाजवळचा दगड उचलून खाली उडी मारायची आणि गाडी मागे सरकू नये म्हणून मागच्या चाकाला त्याची उटी लावायची. वेल्ह्याच्या बाजारात बायका तिची चेष्टा करत, नवऱ्याने दागिना घातला नाही, दगड मात्र दिला. तीही हसायची.

गेल्या साली घाटात ती उटी सटकली. बुद्धभूषण उतरून चाक बघत होता. टेम्पो मागे आला आणि त्याच्या पायावरून गेला. दगड आपणच नीट बसवला नाही, हे माधुरीच्या मनातून काही केल्या जाईना.

आता तो कुबडी घेऊन चालतो आणि टेम्पो दारात धूळ खात उभा. माधुरीला लायसन मिळालं तरच तो ठेवायचा, नाहीतर विकून टाकायचा, असं ठरलं. सपाटीला ती झकास गाडी चालवायची. चढाचं नाव काढलं की तिचे हातपाय गार पडायचे.

भोरला परीक्षेच्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी नेमकी चढाच्या मध्यावर थांबवायला लावली. तिने हँडब्रेक ओढला, पण तिचा त्या दांडीवर कवडीचा विश्वास नव्हता. पायाने ब्रेक दाबूनच धरला. आता मागे न सरकता पुढे घ्या, असं साहेब म्हणाले आणि तिने आरशात पाहिलं.

तिने झाडाखाली बसवून ठेवलेला बुद्धभूषण गाडीमागे वाकला होता. एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात दगड. बायको एकटी आहे, तिला उटी कोण लावणार, एवढंच त्या शहाण्याच्या डोक्यात.

तिने ब्रेक आणखी घट्ट दाबला. हॉर्न दिला असता, तर तो दचकून तिथंच पडला असता.

साहेब वैतागले. जमत नसेल तर नापास करतो, म्हणाले.

"करा साहेब," ती कशीबशी बोलली. "मागं आमचं मालक हायेत. म्या पाय काडणार न्हाई."

साहेबांनी वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. ते दार उघडून उतरू लागले.

"आणि हँडब्रेक कशाला आहे? पाय काढला तरी गाडी हलणार नाही. पण आधी त्यांना बाजूला घेतो."

त्यांनी बुद्धभूषणला रस्त्याकडेला नेलं आणि त्याच्याच दगडावर बसवलं. परत येऊन शेजारी बसले. आरशात आता नुसता रिकामा उतार. ना माणूस, ना दगड. माधुरी रडकुंडीला आली. तिने डोळे मिटले आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडी जागच्या जागी उभी होती.

तिने डोळे उघडले. क्लच हळूहळू सोडला, इंजिनाचा आवाज जड झाला, तशी हँडब्रेकची दांडी खाली केली. गाडी चढ चढू लागली. कडेला बुद्धभूषण दगडावरून उठायची धडपड करत होता. खिडकीतून तिने त्याला हाताने बसायला सांगितलं.